एकशे सतराची सही

अख्ख्या जपान देशात माझ्या थोरल्या जाऊबाईंइतके धक्के मला कुणीही दिलेले नाहीत, आणि यात मी भूकंपसुद्धा धरलेत. भूकंपाचं एक बरं असतं. तो यायच्या आधी घरातले सगळे फोन बोंबलतात, निदान गॅस बंद करायला दोन क्षण मिळतात. जाऊबाईंच्या बाबतीत तशी काही सोय नाही. इचिकावात येऊन मला चार वर्षं झाली. जमीन हलली तर आता मी हातातली पोळीसुद्धा खाली ठेवत नाही, पण जाऊबाई 'अगं, ऐक ना' म्हणाल्या की अजूनही ती आधी खाली ठेवते.

दिसायला अगदी साधी बाई हो. बुटक्या, नाकावर घसरलेला चष्मा, केसांना काळी क्लिप. लग्नाआधी आणि नंतरही सातारा जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेत अकरा वर्षं नोकरीला होत्या. काम एकच. चेकवरची सही आणि बँकेतल्या कार्डावरची नमुना सही शेजारी शेजारी धरायची आणि जुळते की नाही ते सांगायचं. जुळली तर कोपऱ्यात बारीकशी खूण, नाही जुळली तर चेक परत. मग थोरल्या दिरांना जपानमध्ये सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि या नोकरी सोडून त्यांच्यामागून आल्या. आता स्टेशनजवळच्या कोनबिनीत सकाळचा बाइतो करतात, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या दुकानात अर्धवेळ काम. पण अकरा वर्षं सह्यांकडे रोखून बघितलेले डोळे गल्ल्यावर उभं राहून कसे शांत बसणार? त्यांना सह्या लागतात. आणि सह्या कुणाच्या, तेही ऐका.

मी आणि माझा नवरा नवीनच आलो होतो, स्वतःचं घर मिळेपर्यंत दोन महिने त्यांच्याकडेच मुक्काम होता. पहिल्याच शनिवारी जाऊबाई म्हणाल्या, "अगं, ऐक ना. उद्या लवकर आवर. तुला एका ठिकाणी नेते." मला वाटलं, देऊळ असणार. नवी जाऊ आली की आधी देवदर्शनाला नेतात, आपल्यात पद्धतच आहे. मी ठेवणीतला कुर्ता काढला, गजरा नाही म्हणून हळहळले आणि निघाले. एक ट्रेन झाली, दुसरी ट्रेन झाली, मग बस, आणि मग नाशपातीच्या बागांच्या कडेकडेनं पायपीट. शेवटी एक जाळीचं कुंपण आलं. कुंपणापलीकडे पंचवीस-तीस पोरं घामाघूम होऊन धावत होती. जाऊबाईंनी पाठीवरची सॅक उतरवली, प्लास्टिकची चटई अंथरली आणि मांडी घालून बसल्या.

"ताई, देऊळ कुठंय?" मी विचारलं.

"कसलं देऊळ? निगुनचं मैदान आहे हे. टोपी घाल, ऊन लागेल."

निगुन म्हणजे बेसबॉलचा दुसरा संघ. इथे प्रत्येक मोठ्या संघाच्या मागे असा एक धाकटा संघ असतो. टीव्हीवर दिसतात ते पहिल्या संघातले. दुसऱ्या संघात शाळेतून नुकती उचललेली कच्ची पोरं, दुखापत झालेले, आणि वरून खाली उतरवलेले. आंब्याची अढी घातलेली असते ना, तसं. त्यातले काही पिकतात, बरेचसे तसेच सुकतात. जाऊबाई दर रविवारी या अढीपाशी येऊन बसतात आणि सराव संपवून वसतिगृहाकडे चालत निघालेल्या पोरांच्या सह्या घेतात. ज्यांचं नाव त्यांच्या गल्लीतसुद्धा धड कुणाला माहीत नसेल, अशा पोरांच्या! मी कपाळावर हात मारून घेतला. ठेवणीतला कुर्ता मळला तो मळलाच.

सही घ्यायची म्हणजे वहीवर नाही हं. त्यासाठी इथे सोनेरी काठाचा पांढरा चौकोनी पुठ्ठा मिळतो, त्याला शिकिशी म्हणतात. जाऊबाईंच्या सॅकमध्ये शिकिशींचा गठ्ठा, तीन जाडीचे तीन मार्कर, चहाचा थर्मास, तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा आणि पोरांनी हात पुसून मगच पेन धरावं म्हणून ओला नॅपकिन. कोऱ्या शिकिशीच्या मागच्या बाजूला घरूनच हळदीकुंकवाचं बोट लावून आणलेलं. नव्या वहीला लावतो तसं. एका पोरानं ते लाल बोट बघून घाबरून स्वतःच्या हाताला कुठे लागलंय का ते तपासलं होतं.

त्यांचं जपानी सगळंच्या सगळं कोनबिनीत शिकलेलं. त्यामुळे एकोणीस वर्षांच्या पोरासमोर या कमरेत वाकून गल्ल्यावरच्या अदबीनं बोलतात. एकदा एकाला पुरी देताना सवयीनं तोंडातून निघून गेलं, "गरम करून देऊ का?" तो बिचारा भर उन्हात, चारी बाजूंना नाशपातीची झाडं, "हो, चालेल" म्हणाला आणि वाट बघत उभा राहिला. आणि रागावायचं असलं की मात्र थेट मराठी. "काय रे, किती वाळलायस! जेवतोस की नाही?" नवल म्हणजे पोरांना ते बरोबर कळायचं. मान खाली घालायची.

आता सही मिळाल्यावर चाहता काय करतो? धन्यवाद म्हणतो, छातीशी धरतो, घरी जातो. जाऊबाई चष्मा सारखा करून सही तपासायच्या. नव्या पोरांची सही चौथीतल्या मुलासारखी असते, अक्षर न् अक्षर सुटं. वर्षभरात वरचे खेळाडू त्यांना शिकवतात आणि मग सहीची जिलबी होते. अशी जिलबी आली की जाऊबाई पुठ्ठा परत पुढे करायच्या. "ही सही आहे की रांगोळी? तुझ्या आईला वाचता येईल का? परत कर." पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण पोरगा वाकून नमस्कार करून परत सही करत होता!

आणि मोठा खेळाडू दिसला की या तोंड फिरवायच्या. एकदा पहिल्या संघातला, जाहिरातींत झळकणारा, पाय दुखावला म्हणून आठवडाभर इथे सरावाला आला होता. कुंपणाशी ही गर्दी! तो आपणहून जाऊबाईंच्या समोर थांबला, हातातल्या शिकिशीकडे हात केला. जाऊबाईंनी पुठ्ठा मागे घेतला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "आपली सगळ्यांकडे आहे. मागे तो उभा आहे ना, त्याच्यासाठी ठेवलाय हा." शेजारच्या म्हाताऱ्या जपानी आजोबांच्या हातातली पाण्याची बाटली खाली पडली. मी तर तिथून दहा पावलं लांब जाऊन मी यांच्याबरोबर नाहीच असं दाखवत उभी राहिले.

घरी या सगळ्या सह्या बाल्कनीच्या दाराशी एका खोक्यात ठेवलेल्या असत, बँकेतल्यासारख्या आडनावांनुसार. आता माझा पराक्रम सांगते. मला येऊन दोनच आठवडे झाले होते. बुधवारी कागद-पुठ्ठ्याच्या कचऱ्याचा दिवस. जाऊबाई कामाला जाताना म्हणाल्या, "बाल्कनीतले पुठ्ठे दोरीनं बांधून खाली ठेव गं." मी इमानदारीत बाल्कनीतले बांधले आणि दाराशी पुठ्ठ्यांनी भरलेलं खोकं दिसलं तेही बांधलं. दुपारी जाऊबाई घरी आल्या, दाराशी बघितलं आणि चप्पल न घालता जिन्यावरून धावत सुटल्या. मी त्यांच्या मागे, रडत. खाली बघतो तर सगळ्या बिल्डिंगचा कागद गेलेला आणि मधोमध माझं एकच खोकं, त्यावर लाल अक्षरांचा कागद चिकटवलेला: हे नेता येत नाही. सोनेरी काठ म्हणजे निव्वळ कागद नव्हे, असा इथला नियम! जाऊबाईंनी निघून गेलेल्या गाडीच्या दिशेनं वाकून नमस्कार केला. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. खोकं उचलत त्या एवढंच म्हणाल्या, "दोरी छान घट्ट बांधतेस हो."

या खोक्यात एका पोराच्या सह्या सगळ्यांत पुढे होत्या. त्याला आम्ही एकशे सतरा म्हणायचो. पाठीवरचा तो नंबर. इथे तीन आकडी नंबर म्हणजे उमेदवारी. अशा पोराला मोठ्या सामन्यात उतरताच येत नाही. आधी दोन आकडी नंबर मिळवायचा, मग पुढचं. आणि तीन वर्षांत तो मिळाला नाही तर बहुतेकांना घरचा रस्ता. माझ्या त्या पहिल्या रविवारी, नाशपातीला पांढरी फुलं असताना, त्यानं जाऊबाईंना आयुष्यातली पहिली सही दिली होती. पिचर होता, म्हणजे चेंडू टाकणारा, उत्तरेकडच्या बर्फाळ गावातला, हात सुपासारखे, बोलणं जवळजवळ नाहीच. पहिली सही करताना जीभ बाहेर काढून लिहीत होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या सहीला शेपूट फुटलं. शेवटच्या अक्षरातून एक रेघ सपकन निघायची आणि वर जाऊन थेट सोनेरी काठाला टेकायची. "हिच्यात दम आहे बघ," जाऊबाई म्हणायच्या. "हा चढणार." दर नव्या वर्षाला त्या वसतिगृहाच्या पत्त्यावर सगळ्या पोरांना शुभेच्छांची पोस्टकार्डं पाठवायच्या, मागे आपला पत्ता घालून. एकशे सतराच्या कार्डाला कुंकू जरा जास्त असायचं.

त्याचं तिसरं वर्ष उजाडलं. ऑगस्ट महिना, तव्यावर उभं केल्यासारखं ऊन. दोन आकडी नंबर अजून मिळाला नव्हता आणि सीझन संपायला थोडेच आठवडे उरलेले. त्या रविवारी तो सराव संपवून आला, नॅपकिनला हात पुसले, सही केली, खाली ११७ घातलं आणि वाकला. जाऊबाईंनी पुठ्ठा घेतला, बघितला. आणि खाली बसल्या. सॅकमधून त्याच्या आधीच्या दोन सह्या काढल्या. त्याच्या तेवढ्या त्या दर रविवारी खोक्यातून काढून बरोबर आणायच्या. तिन्ही चटईवर शेजारी शेजारी मांडल्या. मला मेलीला तिन्ही सारख्याच दिसत होत्या.

"जुळत नाही," जाऊबाई म्हणाल्या.

"ताई, चला ना आता. लोक बघतायत."

"शेपूट बघ. अर्ध्यावर थांबलंय. आणि थांबताना थरथरलंय." मग त्या उठल्या, त्याच्या उजव्या कोपराकडे बोट केलं आणि विचारलं, "इताई?" दुखतंय?

पोराचा चेहरा पांढराफटक पडला. आधी नाही नाही म्हणाला. जाऊबाईंनी त्याच्या तिन्ही सह्या त्याच्यासमोर धरल्या. तो इकडेतिकडे बघून अगदी हळू म्हणाला, "मे महिन्यापासून. कुणाला सांगू नका."

"मी नाही सांगणार. तू सांग. आजच सांग." आणि तो पुठ्ठा त्यांनी दोन्ही हातांनी त्याला परत दिला. "ही मी घेऊ शकत नाही. हात बरा झाला की दे."

सही परत! मी कुंपणाची जाळी घट्ट धरली. कान लाल झालेला तो पोरगा पुठ्ठा घेऊन निघून गेला आणि मी बसमध्ये, ट्रेनमध्ये, दुसऱ्या ट्रेनमध्ये जाऊबाईंवर नुसती धुमसत होते. शेवटी राहवेना. "ताई, तुम्हाला काय अधिकार होता हो? त्यानं सांगितलं की त्याला बसवणार. बसवला की वर्ष गेलं. वर्ष गेलं की घरी. तीन वर्षं घासलीयत त्यानं! तुम्ही डॉक्टर आहात का?"

मला वाटलं, आता चिडतील. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमच्या बँकेत एक निवृत्त मास्तर यायचे. अक्षर म्हणजे मोती. एक दिवस त्यांची सही जुळेना. मी म्हटलं, परत करा. परत केली, आणखी बिघडली. परत करा म्हटलं. चार वेळा करायला लावली मी. मागे रांगेतले लोक हसत होते, तेही हसत होते बिचारे, म्हणत होते, आज काय झालंय कोण जाणे. पाचव्यांदा पेन उचलताना ते तिथंच कोसळले. अर्धांगाचा झटका येत होता गं त्यांना, माझ्या टेबलासमोर, आणि मी त्यांना परत करा, परत करा म्हणत होते. पुढं त्यांचा तो हात कधी उठला नाही." मग चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "मी नुसती सही बघत होते."

अकरा वर्षांच्या नोकरीतल्या गमती त्यांनी मला शंभरदा सांगितल्या होत्या. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हती, थोरल्या दिरांनाही नाही.

पुढच्या रविवारी एकशे सतरा मैदानावर नव्हता. त्याच्या पुढच्याही नाही. ऑक्टोबरात संघातून कमी केलेल्यांची यादी आली, त्यात त्याचं नाव होतं. जाऊबाईंनी ते फोनवर वाचलं, फोन उपडा ठेवला आणि वरणाला फोडणी दिली. जेवताना एकदाच म्हणाल्या, "मी घेतली असती ती सही, तर कदाचित निभावलं असतं का गं त्याचं?" खरं सांगते, त्या क्षणी मलाही तसंच वाटत होतं, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असणार.

त्यानंतर सॅक खुंटीला लागली ती लागलीच. वसंत आला, नाशपाती फुलल्या, जाऊबाई रविवारी दुकानात जादा काम मागून घ्यायला लागल्या. मैदानावरच्या त्या पाण्याच्या बाटलीवाल्या आजोबांनी एकदा दुकानात येऊन चौकशी केली, पोरं विचारतायत म्हणाले. जाऊबाईंनी त्यांना पिशवी हवी का एवढंच विचारलं. मला त्यांचे धक्के नको नको व्हायचे ना? आता मी वाट बघायला लागले. रविवारी सकाळी मुद्दाम त्यांच्याकडे जायचे, ठेवणीतला कुर्ता घालून. "कुठं निघालीस?" विचारायच्या आणि परत भाजी चिरायला लागायच्या. अख्खं वर्ष गेलं असं.

या मे महिन्यात एका शनिवारी मी तिथे असताना टपालानं एक चपटं पाकीट आलं. उत्तरेकडचा पत्ता. आत दोन शिकिशी आणि एक पत्र. जाऊबाईंनी पत्र थोरल्या दिरांच्या हातात दिलं आणि त्यांनी वाचायला घेतलं. एकशे सतरानं लिहिलं होतं: त्याच संध्याकाळी मी प्रशिक्षकांना सांगितलं. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, असाच महिनाभर चेंडू टाकत राहिला असतास तर हा हात डोक्यापर्यंत नेता आला नसता. बेसबॉल सुटला, त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू. आता काकांच्या सफरचंदाच्या बागेत काम करतो. सफरचंदं उंच लागतात. माझा हात पोहोचतो.

पहिल्या शिकिशीवर त्याची सही होती. खाली नंबराची जागा मोकळी.

जाऊबाई उठल्या. खोक्यातून जुनी सही काढली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. दोन्ही पुठ्ठे डायनिंग टेबलावर शेजारी ठेवले आणि डाव्या हाताच्या बोटानं त्या रेघेवरून हळूहळू वर जायला लागल्या. रेघ निघाली, वर गेली, कुठेही न थांबता सोनेरी काठाला टेकली. दीर आणि मी टेबलावर वाकून बघत होतो.

"जुळली," त्या म्हणाल्या, आणि पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बारीकशी खूण केली. मग पदर नसलेल्या टी-शर्टच्या बाहीला डोळे पुसले.

दुसरी शिकिशी कोरी होती. दीर पत्राची शेवटची ओळ वाचत होते. त्यानं लिहिलं होतं, तुमच्याकडे माझ्या इतक्या सह्या आहेत, माझ्याकडे तुमची एकही नाही. कृपा करून पाठवाल का?

"माझी?" जाऊबाई म्हणाल्या. त्या बाईला धक्का बसलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. "माझी सही कशाला?" कोरा पुठ्ठा त्यांनी उलटसुलट करून बघितला. मग ओल्या नॅपकिननं हात पुसले, मागच्या बाजूला हळदीकुंकवाचं बोट लावलं, आणि जीभ थोडी बाहेर काढून मराठीत आपलं संपूर्ण नाव लिहिलं. अक्षर न् अक्षर सुटं. खालची जागा त्यांनीही मोकळी सोडली.

"बघ गं," पुठ्ठा माझ्यासमोर धरून त्या म्हणाल्या, "त्याच्या आईला नाही वाचता यायचं हे."

मी म्हटलं, "ताई, द्या इकडे. मी पोस्टात टाकून येते."

"नको," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "तू पुठ्ठ्यांना हात लावू नकोस." आणि खुंटीवरची सॅक काढून त्यांनी धूळ झटकली.